पडद्याखालचे पाय

मिरज, १४ नोव्हेंबर २०२५

नईम,

वर ‘प्रिय’ लिहून खोडलंय. तुला दिसावं म्हणून एकच रेघ मारलीय.

फोनवर तू “आपा, दोन मिनिटांत करतो” म्हणतोस आणि तुझी दोन मिनिटं ईदपर्यंत चालतात. म्हणून कागद घेतला. घरात आपण आपली बोली बोलतो, पण लिहायचं म्हटलं की मला वडूजच्या शाळेतली मराठीच सुचते. तुझं शुद्धलेखन माझ्याहून वाईट होतं, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

अल्फिया दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याकडं आठ दिवस राहून आली ती मामूचं कौतुक सांगतच. मामूचं दुकान असं, मामूचं दुकान तसं. दुकान म्हटलं की तिला राग येतो. “अम्मी, गेमिंग झोन म्हण गं.” बरं बाई, झोन. पुण्यात एवढं मोठं उभं केलंस, मला आनंदच आहे. मी इथं ब्लाउज शिवत बसते म्हणून कुणाच्या वर येण्यानं माझ्या पोटात दुखत नाही, हे तुला माहीत आहे.

मग तिनं मला भिंतीवरचा फोटो दाखवला.

औंधच्या यमाईच्या यात्रेतलं आब्बांचं पाल. व्हिडिओ गेमचं लाकडी मशिन, स्टुलावर उभा राहिलेला आठ वर्षांचा तू, मागं निळा पडदा. वर पाटी, ‘वडूजचा वाघ. हरवा आणि टेबलफॅन न्या.’ आणि फोटोखाली तू नवीन अक्षरं लावलीयेस, सोनेरी. ‘तीन पिढ्यांचा खेळ. हाफिज आतार, नईम आतार, अरहान आतार.’

मी फोन हातात घेतला आणि बोटांनी फोटो मोठा करून खाली खाली गेले. स्टुलाच्या अर्ध्यात फोटो संपतो.

मूळ फोटो तिथं संपत नाही, नईम. त्याच्या खाली चांगलं बोटभर चित्र आहे. त्यात पडद्याच्या खालून दोन पाय दिसतात. पिवळ्या प्लास्टिकच्या चपला, डावीचा अंगठा तारेनं बांधलेला. ते पाय कुणाचे, हे जगात आता तीन माणसांना माहीत आहे. त्यातली एक मी, एक अम्मी. तिसरा तू, आणि तू ते कापलेस.

मूळ फोटो मला पाठव. आब्बा गेले तेव्हा त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला कॉपी काढतो म्हणून तूच नेला होतास.

रुमाना


मिरज, २५ नोव्हेंबर

नईम,

पत्राला तू फोनवर उत्तर धाडलंस. दोन जोडलेले हात आणि एक ओळ, “आपा, डिझायनरने क्रॉप केलं, मला माहितीच नाही.” अरे वा रे वाघा! डिझायनरला काय स्वप्न पडलं होतं, इथून खाली या बाईचे पाय आहेत म्हणून?

मी अल्फियाला सगळं सांगितलं. सांगणार नव्हते. तीस वर्षं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, कारण आब्बांनी कुराणावर हात ठेवायला लावला होता. पण आब्बा गेले, आणि पोरगी रोज सकाळी उठून “मामू कसा भारी, मामू कसा भारी” करते. किती दिवस ऐकू?

मी तिला सांगितलं की तुझा नाना, म्हणजे आमचे आब्बा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. फलटणच्या एका पार्लरनं मोडीत काढलेलं मशिन त्यानं आणलं आणि जिवंत केलं. मग यात्रेयात्रेतून पाल लावायला लागला. औंध, म्हसवड, पुसेगाव. गेम मारामारीचा. पोरं खेळायची, पण घरोघरी टीव्ही आले तशी पालातली गर्दी पातळ झाली. तेव्हा नानाला युक्ती सुचली. आठ वर्षांचं पोरगं पुढं उभं करायचं आणि म्हणायचं, ह्याला हरवून दाखवा. मिशा फुटलेली पोरं, सुट्टीवर आलेले फौजी, सगळे इरेला पेटायचे. टेबलफॅन तीन वर्षं तोच होता. दर यात्रेला आब्बा त्याला खोबरेल लावून पुसायचे.

पण पोरग्याला खेळ येत नव्हता. येत होता तो पोरीला. आणि बारा वर्षांची मुसलमानाची पोरगी यात्रेत गड्यांसमोर उभी करायची कशी? म्हणून आब्बांनी तुझ्या जॉयस्टिकच्या दांड्याची वायर आतून कापली आणि दुसरा दांडा काढला पडद्यामागं. तिथं पत्र्याचा डबा उपडा घालून मी बसायची. पुढ्यात एक छोटा टीव्ही. तू नुसता दांडा हलवायचास आणि तोंडानं हू-हा करायचास. ते मात्र झकास करायचास, त्यात खोट नाही.

अल्फिया ऐकत राहिली. मग म्हणाली, “अम्मी, खरं सांग. तुझ्या प्लेअरचे कपडे कुठल्या रंगाचे होते?”

मी म्हणाले, “राखाडी.”

“राखाडी? अम्मी, गेममध्ये राखाडी कपडे कुणाचे असतात?”

मी तिला सांगत होते की मागचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, मी तो गेम रंगात कधी बघितलाच नाही, यात्राभर माझी सगळी दुनिया राखाडीच होती. तोवर तिनं तुला फोन लावलासुद्धा, आणि स्पीकर चालू केला. तू एका दमात सांगितलंस, निळा पोशाख, कपाळाला लाल फडकं. मग तिनं विचारलं, “मामू, अम्मी म्हणते ती खेळायची?” तू हसलास. मी शेजारी उभी होते, हातात कात्री होती माझ्या. तू म्हणालास, “तुझी अम्मी ना? ती आम्हाला चहा आणून द्यायची बिचारी.”

बिचारी!

अल्फियानं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दयेनं. मग स्वतःचा फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, “बरं, खेळून दाखव.” माझी बोटं काचेवर घसरली, नईम. दांडा असता तर दाखवलं असतं. काचेला धरायला काहीच नसतं. मी तीनदा मेले आणि ती हसून म्हणाली, “राहू दे अम्मी, होतं असं.”

त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी जपून बोलते, जसं म्हाताऱ्या माणसाशी बोलतात. मला माझ्या पोरीनं खोटारडी समजावं, एवढंच माझं दुखणं आहे. तुझी भिंत तुला लखलाभ. तू फक्त तिला एक फोन कर आणि खरं सांग.

रुमाना


मिरज, ८ डिसेंबर

नईम,

तुझा फोन आला नाही. अम्मीचा आला. तू बसवलं असशील शेजारी.

“जाऊ दे ना बेटा,” म्हणाली. “भाईचं नाव होतंय. तुझं काय जातंय?”

मी विचारलं, “अम्मी, ते पाय माझे न्हाईत का?” अम्मी म्हणाली की तिची नमाजाची वेळ झाली. सकाळचे साडेदहा वाजले होते, तेव्हा कुठली नमाज?

ह्यांचंही तेच. सतारीचा भोपळा कोरता कोरता मान वर न करता म्हणाले, “घरातलं घरात ठेव.” अरे, घरातच तर होतं तीस वर्षं!

औंधचा तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. तू आठवत नाही म्हणशील. मला आठवतो.

दुपारची वेळ होती. तू एका फौजीला तीनदा हरवलंस, म्हणजे मी हरवलं. तो हुशार निघाला. त्याचं लक्ष मशिनमधल्या मारामारीकडं नव्हतंच, तुझ्या हातांकडं होतं. म्हणाला, “आरं, पोरगं दांडा डावीकडं वढतंय आन् गडी उजवीकडं उडी मारतोय. ह्ये कसं रं?” आणि सरळ मागं येऊन त्यानं पडदा वर केला. मी तशीच डब्यावर, दांडा दोन्ही मुठीत. सगळी गर्दी बघत होती.

आब्बा धावत आले. मला वाटलं, मला पाठीशी घालतील. त्यांनी माझा कान धरला आणि मोठ्यानं ओरडले, “कुनाची गं तू? चोरून शिरतीस व्हय आत? आवं, यात्रंतली पोरं लय वांड, कुठंबी घुसत्यात.” आणि एक थोबाडीत दिली. लोकांना पटावी म्हणून जोरात दिली.

फौजीनं तुला विचारलं, “बाळ, तुजी बहीन हाय का ही?”

तू मानेनं नाही म्हणालास.

मी यात्रेत दिवस मावळेपर्यंत फिरत होते. एक चप्पल पालातच राहिली होती. देवळाच्या पायऱ्यांपाशी एका बाईनं विचारलं, “कुनाची गं तू पोरी?” आणि मला सांगता येईना. आब्बांनी सांगितलं होतं ना, कुणाची नाही म्हणून. पाल उठल्यावर अम्मी शोधत आली. वाटेत तिनं मला भजी घेऊन दिली. आणि पुढच्या यात्रेला मी परत डब्यावर बसले. ह्या वेळेला आब्बांनी पडदा खालून खिळ्यांनी ठोकला. फोटोत पाय दिसतात तो खिळ्यांच्या आधीचा फोटो.

तू आठ वर्षांचा होतास. मी तेव्हाच तुला माफ केलं, मनापासून. आब्बांनासुद्धा. ते शेवटचे आजारी होते तेव्हा वडूजला मी अकरा दिवस त्यांचे पाय दाबत बसले होते. मला वाटायचं, आता म्हणतील. कुणी नसताना हळूच म्हणतील, रुमाना, खेळायचीस गं तू. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. पाणी मागितलं.

आता तू अडतीस वर्षांचा आहेस, नईम, आणि अजून मानेनं नाही म्हणतोयस. आता मात्र मला माफ करता येत नाही.

रुमाना


मिरज, २२ डिसेंबर

नईम,

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, उद्या तुला मिळालंच पाहिजे.

चार दिवस अल्फियाच्या खोलीचा पडदा दिवसाही ओढलेला असायचा. मला वाटलं, परीक्षेचा अभ्यास असेल. काल अस्तराचं कापड आणायला आत गेले. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, कानाला नवे हेडफोन. मला बघितलं तसा फोन उशीखाली घातला. पंधरा वर्षांची पोरगी फोन लपवते म्हटल्यावर आईच्या मनात जे येतं ते माझ्या मनात आलं. मी फोन काढून घेतला.

त्यात कुणी मुलगा नव्हता. म्हणजे होता, दहा वर्षांचा. तुझ्या अरहानचा फोटो, आणि नाव, ‘वडूजचा वाघ ज्युनिअर’.

“हे काय गं?”

“मामूनं सांगितलंय, अम्मीला सांगू नको. ती नाराज होईल.”

मग सगळं बाहेर आलं. येत्या रविवारी तुझ्या झोनमध्ये स्पर्धा आहे. मोठा पडदा, लोक, पाहुणे. आजोबा, बाप आणि आता नातू. अरहान पुढं फोन घेऊन बसणार आणि नुसती बोटं फिरवणार. त्याच्या नावाचं खातं माझ्या पोरीच्या फोनवर, आणि खेळणार ती. इथं, मिरजेत, पडदा ओढून. बक्षीस म्हणून हेडफोन आधीच पाठवलेस.

नईम, तुझ्या अंगावर काटा आला नाही का? हे ठरवताना एकदासुद्धा तुला पत्र्याचा डबा दिसला नाही?

मी फोन तिच्या मांडीवर ठेवला, मशिनवर जाऊन बसले आणि एका ब्लाउजला बाही उलटी जोडली. उसवली, परत उलटीच जोडली. तिसऱ्यांदा उसवत होते तेव्हा अल्फिया दारात येऊन उभी राहिली.

“अम्मी.”

“काय?”

“मी मामूला विचारलं होतं, हे असं कुणाला कळलं तर? तर मामू म्हणाला, काही कळत नाही, तुझ्या नानानं तीन वर्षं चालवलं होतं.” मग म्हणाली, “तो मागचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता ना?”

“व्हय.”

“म्हणून राखाडी.”

आणि माझी पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली रे. मला म्हणाली, “मी तुला खेळून दाखव म्हटलं.” मीही रडले. कशाला लपवू? गिऱ्हाईक बाई आली होती, ती तशीच परत गेली.

बघ, जे खरं तू तिला सांगितलं नाहीस ते तुझ्याच तोंडून निसटलं.

आता नीट वाच. माझी पोरगी पडद्यामागं बसणार नाही. तिला खेळायचं असेल तर ती पुण्याला येईल, तुझ्या झोनमध्ये, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावानं. ह्यांना मी बघून घेईन. तुला शरम असेल तर रविवारच्या आत अरहानला तूच सांग. पोराला तू पुढं उभं केलंयस, त्याचा त्यात काय दोष?

रुमाना


मिरज, ५ जानेवारी २०२६

नईम,

स्पर्धेच्या रविवारी दुपारी तुझा फोन आला. चार महिन्यांतला पहिला, आणि तोही ओरडायला. “आपा, तू माझ्या पोराला सगळ्यांपुढं हरवलंस.” तेव्हा तू मला बोलू दिलं नाहीस. आता ऐक.

माझं पत्र तुला मंगळवारी मिळालं. तू अरहानला काही सांगितलं नाहीस. अल्फिया तुला दिलेल्या शब्दाला जागेल, ऐन वेळी मामूसाठी बसेल, असा तुझा हिशेब. मी बसायची ना, तशी!

अल्फियानं बुधवारी अरहानला फोन केला. म्हणाली, “मी खेळणार नाही. तू खेळ.” पोरगं रडायला लागलं. “दीदी, मला येतच नाही. अब्बू मला शिकवतच नाहीत, म्हणतात तुला शिकायची गरज नाही.” हे ऐकून मी मशिन थांबवलं. मग चार दिवस शाळा सुटली की ही त्याला शिकवायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. “घाबरलास की मागं नको जाऊ. थांब. त्याला येऊ दे. मग मार.” हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, पण मीही तसंच करायची.

रविवारी आम्ही दोघी फोनवर स्पर्धा लाइव्ह बघत होतो. अरहान पहिली फेरी जिंकला. खरोखर जिंकला, स्वतःच्या बोटांनी. दुसऱ्या फेरीत हरला. त्याचे कान लाल झाले, तुझे व्हायचे तसे. आणि तू त्याच्या मागं उभा होतास. तो हरला तसा तू पोराकडं नाही बघितलंस. तू मागं वळून बघितलंस. मागं कुणी नव्हतं, भिंतीवरचा तुझाच फोटो होता.

मला तुझी दया आली का? आली. थोडी आली. पण राग गेला नाही, आणि जाईल असं मी लिहून देत नाही.

तुझं म्हणणं, मी तुझ्या पोराला हरवलं. नाही रे, तो हरला. हरायला आधी खेळावं लागतं. त्या तीन वर्षांत तू एकदाही हरला नाहीस, कारण तू एकदाही खेळला नाहीस. तुझ्या दांड्याला वायरच नव्हती. अरहान दहाव्या वर्षी तुझ्या पुढं गेला. त्याच्यावर ओरडू नकोस.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मला वाटलं रडत असेल. तर पोरगं नुसतं उड्या मारतंय. “फुप्पी, पहिला राउंड मी जिंकलो! दीदीनं नाही, मी!” मी म्हटलं, “बघितलं रे गड्या, लय भारी खेळलास.” मग म्हणाला, “फुप्पी, दीदी म्हणते तुम्हीपण खेळायचा. दादीला विचारलं तर दादीनं उठून तिच्या ट्रंकेतून नमाजाच्या मुसल्ल्याच्या घडीतला एक फोटो काढून माझ्या हातात दिला.”

अम्मीनं दिला, नईम. तुझ्याकडून परत घेऊन तिनं तो जपून ठेवला होता. तिलाही तोंडानं बोलता आलं नाही, पण फोटो दिला.

अरहाननं त्याचा फोटो काढून अल्फियाला पाठवला. माझ्यासमोर आहे. पाटी आहे, टेबलफॅन आहे, तू आहेस. आणि खाली पडद्यातून पिवळ्या चपला. तारेनं बांधलेला अंगठासुद्धा स्पष्ट दिसतो. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझे पाय फार लहान आहेत.

खाली अरहाननं लिहिलंय, “हे पाय कुणाचे?”

अल्फिया उत्तर लिहायला निघाली होती. मी तिचा हात धरला. तुझ्या पोरानं विचारलंय, उत्तर तू दे. एका फौजीनंही तुला हेच विचारलं होतं, तेव्हा मी बाहेर कान धरून उभी होते आणि तुझ्याकडं बघत होते. आता अरहान बघतोय.

मी इथं मशिनवर बसलेय. दार सताड उघडं आहे.

तुझी आपा
रुमाना